चाक नेमकं घासतंय कुठे?

गाडीशी ओळख : लेखांक ९

मागच्या आठवड्यात टायरच्या कडेवरचे आकडे वाचायला शिकलो. त्या आकड्यांतून उद्भवणारा एक त्रास आज पाहू. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या चाकाकडून खर्रर्र आवाज येतो. किंवा मागे तिघं बसले असताना स्पीडब्रेकर ओलांडला की मागून येतो. चाकाच्या कमानीत आतून काळं प्लास्टिकचं आवरण असतं. गॅरेजमध्ये त्याला लायनर म्हणतात. टायर त्याला घासत असतो.

यावर गॅरेजात सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे घासणारा तुकडा कापून टाकणं. मला तो पटत नाही. चाक जी खडी, चिखल आणि पाणी उडवतं, ते लायनर अंगावर घेतं. त्याच्यामागे वायरिंग असतं, फेंडरचा आतला पत्रा असतो, काही गाड्यांत हॉर्न आणि काच धुण्याच्या पाण्याची टाकीही तिथेच असते. भोक पाडलं की आत चिखल साचतो, ओला राहतो आणि पत्रा आतून गंजू लागतो. बाहेरच्या रंगाला फोड येईपर्यंत पत्ता लागत नाही. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत तर हे फार लवकर होतं.

म्हणून आधी जागा शोधा. टायरच्या खांद्यावर खडू फासा, मोकळ्या जागेत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून गाडी हळू पुढे-मागे घ्या आणि टॉर्चच्या उजेडात खडू कुठे उमटला ते बघा. कमानीच्या पुढच्या किंवा मागच्या कोपऱ्यात उमटला, तर चाक वळताना घासतंय. मग गाडीत माणसं बसवून एखादा उंचवटा ओलांडा. आता वरच्या भागात उमटला, तर स्प्रिंग दबल्यावर घासतंय.

टायर, रिम काहीच बदललेलं नसताना आवाज सुरू झाला असेल, तर पहिला संशय लायनरवरच घ्या. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली, फुटपाथच्या कडेला बंपर टेकला, की त्याच्या प्लास्टिकच्या क्लिपा निसटतात आणि सुटलेलं टोक टायरवर लोंबतं. पावसाळ्यात हे नेहमीचंच. नव्या क्लिपा बसवल्या की काम झालं. क्लिपा जागेवर असतील तर चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर डाव्या-उजव्या बाजूला मोजा. एका बाजूला ते ठळकपणे कमी भरलं, तर तिथली स्प्रिंग बसली किंवा तुटली असण्याची शक्यता आहे.

टायर बदलल्यावर घासायला लागलं असेल, तर हिशेब करायला हवा. १८५/६५ आर १५ या टायरचा व्यास भरतो सुमारे ६२२ मिलिमीटर. १९५/५५ आर १६ चा सुमारे ६२१. रिम एक इंचानं मोठी होऊनही चाकाची उंची जवळपास तीच राहते. मारुती बलेनोच्या खालच्या आणि वरच्या मॉडेलांत कंपनीनं हेच दोन आकार दिले आहेत. त्याऐवजी १५ इंची रिमवर २०५/६५ चढवला, तर व्यास २६ मिलिमीटरनं वाढतो. म्हणजे टायर कमानीच्या १३ मिलिमीटर जवळ येतो, शिवाय रुंदीतही दोन्ही बाजूंना दहा-दहा. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा सुमारे चार टक्के जास्त वेगात असेल.

अलॉय रिम घेताना तिच्यावर कोरलेला ‘ईटी’चा, म्हणजे ऑफसेटचा, आकडाही बघा. ईटी ४५ च्या जागी ३५ ची रिम आली, तर अख्खं चाक दहा मिलिमीटर बाहेर सरकतं. रिम एक इंचानं रुंदही असेल, तर बाहेरची कड जवळजवळ २३ मिलिमीटर पुढे येते. रिम आणि हबच्या मध्ये स्पेसर घातले असतील, तर आधी ते काढून बघा.

हे सगळं तपासूनही एखाद्या कोपऱ्यात निसटतं घासत असेल, तर जाणकार कारागीर हीट गननं लायनर मऊ करून मागे दाबून बसवतो. भोक न पाडता जागा होते.

प्लास्टिकऐवजी फेंडरच्या पत्र्याची कड किंवा आतल्या बाजूचा शॉकअप टायरला लागत असेल, तर मात्र थांबू नका. टायरमधले पोलादी पट्टे नक्षीच्या खाली असतात, कडेच्या भिंतीत नसतात. तिथे पत्रा लागत राहिला तर टायर चिरतो आणि वेगात असताना फुटू शकतो. बदललेल्या आकाराचे टायर उतरवा, मूळचे चढवा, मगच गाडी हायवेला काढा.

पुढच्या आठवड्यात : शॉकअप गेला हे कसं ओळखावं.