हौशी बिनतारीसाठीं डोंगराची निवड

परवानाधारक हौशी नभोवाणीकार लहानसा बिनतारी संच, विजेरी व एरियलच्या तारेचें भेंडोळें पाठीवर घेऊन निघाला, म्हणजे तो सर्वांत उंच शिखरच शोधीत असेल असें पुष्कळांस वाटतें. ही समजूत अर्धीच खरी आहे. डोंगर ठरविण्यापूर्वीं त्यानें दोन प्रश्न स्वतःस विचारावेत : आपणांस कोणाशीं बोलावयाचें आहे, आणि आभाळ फिरल्यास खालीं कसें उतरावयाचें आहे?

पहिला प्रश्न लहरींचा. दोन मीटर लांबीच्या लहरी बहुतांशीं सरळ जातात. पृथ्वीचा गोलावा व वाटेंतील डोंगर त्यांस अडवितात. म्हणून त्यांच्या बाबतींत उंचीचें मोल मोठें. मीटरांतील उंचीच्या वर्गमुळास ४.१२ नें गुणिलें असतां लहरींच्या क्षितिजाचें अंतर किलोमीटरांत मिळतें. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. तेव्हां हें अंतर सुमारें १६७ किलोमीटर भरतें. मुंबई त्याच्या आंत येते खरी. परंतु शेजारींच अलंग, मदन, कुलंग यांची रांग उभी आहे. नकाशांतील समोच्च रेषा ताडून पाहिल्यावांचून नुसत्या आंकड्यावर विसंबूं नये.

वीस मीटरांच्या लघुलहरींची रीत निराळी. त्या वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरावरून परतून दूर देशीं उतरतात. त्यांस उत्तुंग शिखर लागत नाहीं. सुमारें दहा मीटर तार ताणण्यापुरती मोकळी जागा असावी आणि इच्छित दिशेस जमीन उतरती असावी. म्हणजे लहर क्षितिजालगत निघून लांबचा पल्ला गांठते. याउलट सिंहगडासारख्या, प्रक्षेपणाचे मनोरे असलेल्या माथ्यावर शेजारच्या प्रबळ लहरींनीं लहान ग्राहकयंत्र बधिर होण्याचा संभव असतो.

दुसरा प्रश्न जिवाचा आहे. उघड्या माथ्यावर उभारलेली काठी व तार म्हणजे विजेस आमंत्रणच. वीज दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आंत गडगडाट ऐकूं आला, तर ती दहा किलोमीटरांच्याहि आंत आली असें समजावें. पण कळसूबाईच्या बारी गांवाकडील वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. गडगडाट ऐकून निघालेला मनुष्य नेमका त्यांवरच सांपडावयाचा. म्हणून वळवाच्या दिवसांत पहाटे चढावें, आणि दुपारीं ढग जमूं लागण्यापूर्वींच तार उतरवून परतीस लागावें.

अगदीं टोंकावर बसण्याचा हट्टहि नको. २००२ सालीं ब्रिटनमध्यें सुरू झालेल्या 'समिट्स ऑन दि एअर' या उपक्रमांत शिखराखालीं उभ्या मापानें पंचवीस मीटरपर्यंतची जागा ग्राह्य धरतात. तेवढ्यांत वारा चुकतो, देवदर्शनास आलेल्यांची वाटहि अडत नाहीं.

सारांश, ज्या डोंगरावरून आपला आवाज इष्ट स्थळीं पोंचतो आणि आपण स्वतः सुखरूप घरीं पोंचतों, तोच आपल्या कामाचा डोंगर.