सुई आली म्हणून गोळी थांबवायची?

आठवड्यातून एकदा घ्यायची सुई सुरू होते. काही महिन्यांत कपडे सैल होऊ लागतात, उपाशीपोटीची साखर आटोक्यात येते. मग रात्री औषधांचा डबा उघडताना मनात येतं, आता ही कोलेस्टेरॉलची गोळी कशाला? काही जण डॉक्टरांना विचारतात, तर काही जण न विचारताच ती बंद करून टाकतात. या दुसऱ्या मंडळींची मला मनापासून काळजी वाटते आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आधी सुई कोणती, ते स्पष्ट करू. मधुमेहाचं इंजेक्शन म्हटलं की आपल्याकडे अजूनही इन्सुलिनच आठवतं. टाइप 1 मधुमेहात ते नसेल तर माणूस जगत नाही. पण हृदयविकार टाळण्यासाठी त्याचा उपयोग होतो का, हे तपासलं गेलं तेव्हा हाती फार काही लागलं नाही. 2012 साली जाहीर झालेल्या ‘ओरिजिन’ चाचणीत साडेबारा हजारांहून अधिक लोक होते. सुमारे सहा वर्षं इन्सुलिन ग्लार्जिन देऊनही त्यांच्यातले हार्ट अ‍ॅटॅक कमी झाले नाहीत आणि वाढलेही नाहीत. नुसती साखर उतरली म्हणजे हृदय सुरक्षित झालं, हा हिशेब इतका सरळ नाही.

आज चर्चा आहे ती जीएलपी-1 गटातल्या सेमाग्लुटाइडसारख्या औषधांची. जीएलपी-1 हे आपल्याच आतड्यात तयार होणारं संप्रेरक. आपण जेवलो की ते रक्तात येतं, साखर वाढलेली असेल तरच स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि ‘पोट भरलं’ हा निरोप मेंदूपर्यंत पोचवतं. अडचण एकच, शरीरात ते दोन-एक मिनिटांत नष्ट होतं. त्यावरचा पहिला उपाय सापडला अमेरिकेच्या वाळवंटात राहणाऱ्या ‘गिला मॉन्स्टर’ या विषारी सरड्यामुळे. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स इथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणारे डॉ. जॉन एंग यांनी 1992 मध्ये त्याच्या विषातून एक रेणू शोधला. तो जीएलपी-1 सारखंच काम करत होता, पण सहजासहजी मोडत नव्हता. त्यावरून बनलेलं एक्सेनाटाइड 2005 मध्ये बाजारात आलं. ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. पुढे डेन्मार्कमध्ये लोटे ब्येरे क्नुडसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट शोधली. त्यांनी मानवी संप्रेरकाच्या नकलेला मेदाम्लाची साखळी जोडली, म्हणजे तो रेणू रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून टिकून राहतो. त्यातून आधी रोज टोचायचं लिराग्लुटाइड आलं आणि 2017 मध्ये आठवड्याला एकदाच टोचायचं सेमाग्लुटाइड.

गोळीची गोष्ट याहून जुनी आहे, आणि मला ती जास्त जवळची वाटते. अकिरा एंडो जपानमधल्या अकिता प्रांतातल्या शेतकरी कुटुंबात वाढले. बुरशीचं त्यांना लहानपणापासून वेड होतं आणि पेनिसिलिन शोधणारे फ्लेमिंग हे त्यांचं दैवत. 1971 मध्ये त्यांनी सांक्यो कंपनीच्या प्रयोगशाळेत शोध सुरू केला. यकृत कोलेस्टेरॉल तयार करतं ते ज्या विकरामुळे, त्याला अडवणारा पदार्थ एखादी बुरशी बनवत असेल का, असा त्यांचा प्रश्न होता. सहा हजारांहून अधिक नमुने तपासल्यावर उत्तर मिळालं ते क्योतोतल्या एका धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावर. त्यावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत कॉम्पॅक्टिन हा पदार्थ होता. उंदरांवर मात्र तो चालेना, आणि कंपनीचा उत्साह ओसरला. एंडोंनी तो अंडी देणाऱ्या कोंबड्यांना देऊन पाहायचं ठरवलं, कारण अंड्यात कोलेस्टेरॉल भरपूर असतं. कोंबड्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल चांगलंच उतरलं. कॉम्पॅक्टिन स्वतः कधी दुकानात आलं नाही. पण त्याच वाटेने गेलेल्या मर्क कंपनीचं लोव्हास्टॅटिन 1987 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि स्टॅटिन गट उभा राहिला. एंडोंना त्यातून पैसा मिळाला नाही. 2024 मध्ये ते वारले, तेव्हा जगभर कोट्यवधी माणसं त्यांच्या शोधातून आलेली गोळी रोज घेत होती.

यकृतातली निर्मिती कमी झाली की यकृताच्या पेशी रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, जास्त प्रमाणात ओढून घेऊ लागतात. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन 40 मिलिग्रॅम घेतलं तर एलडीएल साधारण निम्म्यावर येतं. सेमाग्लुटाइडने ते जेमतेम काही टक्क्यांनी उतरतं. सगळ्या तुलनेत ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वजन दहा किलोंनी उतरलं तरी रक्तवाहिनीच्या भिंतीत साचणाऱ्या एलडीएलचा प्रश्न जवळजवळ जिथल्या तिथेच राहतो.

हृदयाच्या बाबतीत दोघांनीही आपापली परीक्षा दिली आहे. 1994 मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ‘फोर-एस’ चाचणीत हृदयविकार असलेले 4,444 रुग्ण होते. पाच वर्षांहून थोड्या जास्त काळात नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी 256 जण दगावले, सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी 182. कोलेस्टेरॉल उतरवल्याने खरंच माणूस वाचतो का, हा वाद तिथे जवळपास मिटला. सुईची मोठी परीक्षा ‘सिलेक्ट’ या नावाने 2023 मध्ये जाहीर झाली. हृदयविकार आणि जास्त वजन असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या 17,604 जणांची ती चाचणी. हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अ‍ॅटॅक किंवा पक्षाघात झालेल्यांचं प्रमाण सेमाग्लुटाइडमुळे 8 टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर आलं, म्हणजे धोका एक पंचमांशाने घटला. मधुमेहींमध्येही या गटाचा फायदा वेगळ्या चाचण्यांत दिसला आहे.

या दोन चाचण्यांचे आकडे शेजारी मांडून कोण सरस ते ठरवू नये. रुग्ण वेगळे, काळ वेगळा, मोजलेली गोष्ट वेगळी. शिवाय ‘सिलेक्ट’मधली एक नोंद बातम्यांत हरवून गेली. त्या चाचणीतले जवळजवळ 90 टक्के लोक कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं आधीपासून घेत होते, आणि त्यात बहुतेकांची स्टॅटिनच होती. सुईचा एक पंचमांश फायदा गोळीच्या जोडीने मिळाला आहे. गोळी काढून नुसती सुई ठेवली तर काय होतं, ते या चाचणीने तपासलंच नाही. हृदयरुग्णांची स्टॅटिन काढून घेऊन ते तपासायला कुठली नीतिसमिती परवानगी देईल, असंही मला वाटत नाही.

“पण माझा रिपोर्ट तर नॉर्मल आहे” हा आपल्याकडचा नेहमीचा आक्षेप. मधुमेहींनी त्यावर विसंबू नये. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ‘कार्ड्स’ चाचणीत 2,838 मधुमेही होते. त्यांना आधी हृदयविकार झालेला नव्हता आणि सरासरी एलडीएल 118 च्या आसपास, म्हणजे कुणाला चिंता वाटू नये असं होतं. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनच्या 10 मिलिग्रॅमच्या साध्या गोळीने त्यांचे हृदय आणि मेंदूचे मोठे झटके 37 टक्क्यांनी कमी झाले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधीच थांबवली गेली. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक मधुमेहींना डॉक्टर ही गोळी सुचवतात, ते यामुळेच.

आपल्या लोकांना हे जास्तच लागू पडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. वरून सडसडीत दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात चरबी दडलेली असते, हे त्या छायाचित्राने जगाला दाखवलं. अशा माणसाला वजन उतरवण्यासाठी सुई कदाचित कुणी देणारही नाही. पण त्याला मधुमेह असेल, तर स्टॅटिनची गरज त्याच्या सडपातळपणामुळे कमी होत नाही.

दोन्ही औषधांची भीती लोकांच्या मनात आहे, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. स्टॅटिनने अंग दुखतं ही तक्रार खूप ऐकू येते. ‘सॅम्सन’ या छोट्या ब्रिटिश चाचणीत, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने नकली आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. स्टॅटिनवर जो त्रास झाला, त्यातला 90 टक्के नकली गोळीवरही झाला. त्रास खोटा नव्हता, पण त्यातला बराचसा गोळीमुळे नव्हता. स्टॅटिनने साखर थोडी वाढते, हे खरं आहे. 13 चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं, की 255 जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर मधुमेहाचा एक जास्तीचा रुग्ण होतो. त्या बदल्यात टळणारे झटके त्याहून बरेच जास्त असतात. सुईच्या बाजूला मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, पित्ताशयात खडे आणि क्वचित स्वादुपिंडाला सूज. साखर वेगाने उतरली तर डोळ्यांच्या पडद्याचा जुना आजार बळावू शकतो, म्हणून सुई सुरू करण्याआधी पडदा तपासून घ्यावा.

खर्चात तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्टॅटिनची जेनेरिक गोळी काही रुपयांत मिळते, जनऔषधी केंद्रात त्याहूनही स्वस्त. सेमाग्लुटाइडच्याच प्रकारचं टिर्झेपाटाइड मार्च 2025 मध्ये भारतात आलं, तेव्हा सर्वांत कमी मात्रेच्या एका कुपीची किंमत 3,500 रुपये होती, आणि ती दर आठवड्याला एक लागते. सेमाग्लुटाइडच्या मूळ पेटंटची भारतातली मुदत मार्च 2026 पर्यंतची होती, म्हणून भारतीय कंपन्यांच्या स्वस्त सुयांची सगळ्यांना आस होती. पण सुई स्वस्त झाली तरीही, दोन्हींतलं एकच परवडत असेल, तर मधुमेहीने निदान गोळी तरी सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुई थांबवली की वजन परत येतं. एका मोठ्या चाचणीच्या पाठपुराव्यात, उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वर्षभरात परतलं. ते आरशात दिसतं, काट्यावर कळतं. गोळी थांबवल्यावर एलडीएलही काही आठवड्यांत मूळ पदावर येतं, पण ते कुठेही दुखत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही. म्हणून गोळी बंद केली असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तसं सांगा, रागावतील म्हणून लपवू नका. लिपिड प्रोफाइल करून घ्या. अंग दुखत असेल तर मात्रा कमी करता येते, दुसरं स्टॅटिन देता येतं. मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रियांनी मात्र दोन्ही औषधांबद्दल आधीच विचारावं, कारण सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं, आणि स्टॅटिनही गरोदरपणात सहसा देत नाहीत.