काउंट चांगला, तरी पाळणा का हलत नाही? शुक्राणूंच्या डीएनए चाचणीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिरूर-दौंडकडच्या घरांत लग्नाला दोन-तीन वर्षं होऊन मूल झालं नाही, की पहिली तपासणी सुनेची होते. सोनोग्राफी, थायरॉईड, नळ्यांचा एक्स-रे, जोडीला रांजणगावच्या महागणपतीला नवस. नवऱ्याचा नंबर लागतो तो सगळ्यांत शेवटी. त्याच्या रिपोर्टवर काउंट ‘नॉर्मल’ आला की विषय पुन्हा सुनेवरच येतो. प्रत्यक्षात मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बायकोकडच्या कारणासोबत असतं. काही वेळा हे कारण काउंटच्या रिपोर्टमध्ये दिसतच नाही. ते शोधायला शुक्राणूंच्या डीएनएची मोडतोड मोजणारी वेगळी चाचणी आहे. तिच्या निकालाला डीएफआय, म्हणजे डीएनए फ्रॅगमेंटेशन इंडेक्स म्हणतात. तिच्याविषयी ऐकीव माहितीच जास्त फिरते, म्हणून एकेक मुद्दा पाहू.

गैरसमज: काउंट चांगला आहे, म्हणजे पुरुषात काहीच दोष नाही.

वस्तुस्थिती: नेहमीच्या वीर्य तपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत प्रति मिलीलिटर 1 कोटी 60 लाख शुक्राणू, 42 टक्के हालचाल आणि 4 टक्के योग्य आकार अशा खालच्या मर्यादा दिल्या आहेत. ज्यांच्या पत्नीला वर्षभरात दिवस गेले, अशा पुरुषांपैकी सर्वांत खालच्या पाच टक्क्यांवरून त्या ठरवल्या आहेत. त्यामुळे आकडा मर्यादेच्या वर असला म्हणजे मूल होईलच असं नाही, आणि थोडा खाली असला म्हणजे होणारच नाही असंही नाही.

शुक्राणूच्या डोक्यात वडिलांकडून बाळाला जाणारा डीएनए प्रोटामीन नावाच्या प्रथिनांभोवती अतिशय घट्ट बांधलेला असतो. ही बांधणी कच्ची राहिली किंवा ऑक्सिडंट रेणूंचा मारा झाला की धागे तुटतात. असा शुक्राणू पोहतो, सूक्ष्मदर्शकाखाली चांगलाही दिसतो. तूट ओळखायला रसायनं लागतात. 1980 पासून माहीत असलेल्या एससीएसए पद्धतीत नमुन्याला आम्ल आणि रंगद्रव्य लावतात. शाबूत डीएनए हिरवा चमकतो, तुटलेला लाल, आणि यंत्र हजारो शुक्राणू मोजतं. एससीडी पद्धतीत शाबूत शुक्राणूभोवती प्रभामंडळ दिसतं, तुटलेल्याभोवती दिसत नाही किंवा अगदी लहान दिसतं. ट्यूनेल आणि कॉमेट या आणखी दोन पद्धती आहेत.

गैरसमज: डीएनए तुटलेला निघाला, म्हणजे मूल व्यंग घेऊनच जन्मणार.

वस्तुस्थिती: ही चाचणी किती टक्के शुक्राणूंत तूट आहे एवढंच सांगते. घराण्यातला आनुवंशिक आजार किंवा गुणसूत्रांतला दोष ती दाखवत नाही. त्यासाठी कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) आणि जनुकांच्या तपासण्या वेगळ्या आहेत. शिवाय स्त्रीबीजाकडे काही प्रमाणात ही तूट सांधण्याची क्षमता असते. स्त्रीचं वय वाढतं तशी ती क्षमता कमी होते. म्हणून एकाच डीएफआयचा अर्थ पंचविशीतल्या आणि चाळिशीतल्या पत्नीच्या बाबतीत वेगवेगळा निघतो.

गैरसमज: टक्केवारी जास्त आली, आता मूल होणं अशक्य.

वस्तुस्थिती: एससीएसए पद्धतीत साधारण 15 टक्क्यांच्या आतला डीएफआय चांगला धरतात. 30 च्या वर गेला तर नैसर्गिकरीत्या आणि आययूआयने, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडून, दिवस राहण्याची शक्यता बरीच घटते, पण ती शून्य होत नाही. आकडा कायमचाही नसतो. तापातून उठल्यावर तो वाढलेला असतो आणि काही महिन्यांनी उतरतो. पद्धत बदलली की मर्यादाही बदलतात. त्यामुळे पुण्यातल्या एका लॅबचा 28 आणि दुसऱ्या लॅबचा 22 शेजारी ठेवून ‘सुधारणा झाली’ म्हणता येत नाही. पुन्हा तपासायचं तर त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने. आणि या आकड्याचा मर्दानगीशी, म्हणजे शरीरसंबंधाच्या ताकदीशी, काहीही संबंध नाही.

गैरसमज: वारंवार गर्भ पडतो, म्हणजे बाईची पिशवी कमजोर.

वस्तुस्थिती: गावागावांत दिलं जाणारं हे निदान अनेकदा निराधार असतं. गर्भाचा निम्मा डीएनए वडिलांचा असतो. गर्भ वाढायला लागल्यावर तिसऱ्या दिवसाच्या आसपास त्याचा स्वतःचा डीएनए काम सुरू करतो आणि तेव्हा वडिलांकडून आलेल्या तुटीचा परिणाम दिसू शकतो. डीएफआय जास्त असणाऱ्या पुरुषांच्या पत्नींत गर्भपाताचं प्रमाण जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेतही वारंवार गर्भपात झालेल्या जोडप्यांतल्या पुरुषांच्या शुक्राणूंवर संशोधन झालं आहे. दोन किंवा अधिक गर्भपात झाले असतील तर नवऱ्याची तपासणी व्हायलाच हवी.

गैरसमज: मग ही चाचणी पहिल्याच भेटीत सगळ्यांनी करून घ्यावी.

वस्तुस्थिती: नाही. अमेरिकेतल्या मूत्ररोग आणि प्रजनन तज्ज्ञांच्या संघटनांनी 2020 मध्ये स्पष्ट सांगितलं की पहिल्या तपासणीत ही चाचणी धरू नये. पहिली पायरी साधी वीर्य तपासणी आणि डॉक्टरांनी प्रत्यक्ष केलेली तपासणी हीच आहे. डीएफआयचा उपयोग आहे तो वारंवार गर्भपात, सगळे रिपोर्ट नीट असूनही दिवस न राहणं, आययूआय किंवा आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब) वारंवार फसणं आणि व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा, यांसारख्या प्रकरणांत.

गैरसमज: अंडी, पपई, गूळ खाऊन अंगात उष्णता होते आणि धातू बिघडतो.

वस्तुस्थिती: खाण्यातल्या ‘उष्ण’ पदार्थांनी शुक्राणू बिघडत नाहीत. खरी उष्णता मात्र बिघडवते. वृषणांना शरीरापेक्षा 2 ते 4 अंश कमी तापमान लागतं, म्हणून ते शरीराबाहेर असतात. दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांत चुलाणासमोर तासन्‌तास उभे राहणारे कामगार, रांजणगाव एमआयडीसीतल्या भट्ट्यांवरचे कामगार, लांबच्या फेऱ्या मारणारे ट्रकचालक यांनी डॉक्टरांना आपलं काम आवर्जून सांगावं. व्हेरिकोसीलच्या फुगलेल्या शिरा हेही मोठं कारण आहे. साधारण 15 टक्के पुरुषांत त्या असतात, तर वंध्यत्वासाठी आलेल्या पुरुषांत 35 ते 40 टक्क्यांत.

रसायनांचा धोकाही काल्पनिक नाही. 1977 मध्ये कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे सूत्रकृमीनाशक बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना आपल्याला मुलं होत नाहीत हे आपसांत बोलताना लक्षात आलं. तपासणीत अनेकांचे शुक्राणू शून्यावर किंवा अगदी कमी निघाले आणि अमेरिकेत त्या औषधावर बंधनं आली. कांदा, ऊस, डाळिंबावर फवारणी करणाऱ्यांनी हातमोजे, मास्क आणि फवारणीनंतर लगेच आंघोळ हा नियम पाळावा. तंबाखू आणि सिगारेट सोडणं हा यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

गैरसमज: ताकदीच्या गोळ्या घेतल्या की महिन्याभरात फरक पडतो.

वस्तुस्थिती: 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल डोळे उघडणारे आहेत. अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या ‘मॉक्सी’ चाचणीत तीन महिन्यांनी ना वीर्य सुधारलं, ना डीएनएची तूट कमी झाली. दुसऱ्या चाचणीत 2370 जोडप्यांतल्या पुरुषांना फॉलिक अॅसिड आणि झिंक किंवा नुसत्याच औषधविरहित गोळ्या दिल्या. बाळं जन्मण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. उलट औषध घेणाऱ्या गटात डीएनएची तूट किंचित जास्त निघाली: 29.7 टक्के विरुद्ध 27.2 टक्के.

जिममध्ये शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर थेट घातक. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूकडून वृषणांना जाणारा आदेश थांबतो आणि शुक्राणू तयार होणं बंद पडू शकतं. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात आणि बाहेर पडायला आणखी काही दिवस. म्हणून व्यसन सोडलं, शिरांची शस्त्रक्रिया केली किंवा कामाची जागा बदलली, तरी फेरतपासणी तीन महिन्यांनीच करावी.

गैरसमज: जास्त दिवस संबंध टाळून घरून डबीत नमुना नेला की झालं.

वस्तुस्थिती: नमुन्यासाठी 2 ते 7 दिवसांचं अंतर पुरतं. जास्त दिवस साठलेल्या शुक्राणूंत डीएनएची तूट वाढते. साध्या तपासणीचा नमुना शक्यतो अर्ध्या तासात, फार तर तासाभरात तपासायला घ्यावा लागतो. दौंडहून पुणे रेल्वेने सुमारे 75 किलोमीटर आहे आणि शिरूरहून निघालं तर शिक्रापूर-वाघोलीची कोंडी आडवी येते. खिशात डबी घालून हा प्रवास केला तर वाटेतच शुक्राणू थंडावतात आणि तुटीचा आकडाही वाढू शकतो. नमुना लॅबमध्येच द्यावा. साबण, थुंकी किंवा साधा निरोध वापरू नये.

गैरसमज: या चाचणीतून मुलगा की मुलगी तेही कळतं.

वस्तुस्थिती: कळत नाही. आणि मुलगा व्हावा म्हणून शुक्राणू वेगळे करून देतो असं कोणी सांगत असेल, तर तो गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा आहे. वंध्यत्व केंद्रांसाठी 2021 चा वेगळा कायदा असून नोंदणी सक्तीची आहे. पैसे भरण्याआधी नोंदणी प्रमाणपत्र पाहायला मागा.

डीएफआयची चाचणी सुचवली गेली, तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. चाचणी कोणत्या पद्धतीने होणार? त्या लॅबची मर्यादा किती? आणि आकडा जास्त आला तर आमच्या उपचारात नेमकं काय बदलणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, तर तो खर्च थांबवलेला बरा. पण त्याही आधीची गोष्ट फुकटातली आहे: पहिल्या दिवशी, पहिल्या तपासणीला नवऱ्याने बायकोसोबत जावं आणि स्वतःचा नमुनाही द्यावा.