बंद पडलेला टॅब आणि मासुओकांची चिप

‘जुना नेक्सस ७ टॅब सुरू करताना चिन्हावरच अडकतो. दुकानदार म्हणतो, बोर्ड गेला, नवा घ्या. खरंच गेला का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. बहुधा नाही. पडद्यावर चिन्ह उमटतं, म्हणजे प्रोसेसर चालू आहे आणि त्याला जागं करणारा बूटलोडर शाबूत आहे. बिघडलं असावं ते त्यापुढचं फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर, आणि ते संगणकावरून पुन्हा भरता येतं. मोबाइल दुरुस्तीवाले यालाच ‘सॉफ्टवेअर मारणं’ म्हणतात.

यंत्रातली चिप अशी पुसून पुन्हा लिहिणं शक्य होतं ते एका जपानी इंजिनिअरमुळे. त्यांचं नाव फुजिओ मासुओका.

त्यांच्या आधी, १९७१ मध्ये, इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप बनवली होती. पण तिच्या पाठीवर क्वार्ट्झची छोटी खिडकी असे. चिप बोर्डावरून काढायची, अतिनील दिव्याखाली बराच वेळ ठेवायची आणि मग नव्याने लिहायची. घराघरांतल्या यंत्रांसाठी हे जमणारं नव्हतं. पुढे विजेने पुसता येणाऱ्या चिपा आल्या. त्यांत एकेक बाइट वेगळा पुसता येई, पण त्यासाठी प्रत्येक ठिकाणी जादा ट्रान्झिस्टर लागे आणि चिप महाग होई. तोशिबात काम करणाऱ्या मासुओकांनी ही चैनच सोडून दिली. सुटं सुटं पुसायचंच नाही, अख्खा गठ्ठा एका झटक्यात पुसायचा! पाटीवरचा एक शब्द बदलायलाही सगळी पाटी ओल्या फडक्याने पुसावी, तसं. मोबदल्यात चिप लहान आणि स्वस्त झाली. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत त्यांनी ही फ्लॅश मेमरी मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नँड हा आणखी दाटीवाटीचा प्रकार. आज टॅब, फोन आणि पेनड्राइव्ह यांच्या पोटात असते ती हीच नँड.

पण फ्लॅशची व्यापारी चिप १९८८ मध्ये बाजारात आणली ती इंटेलने. मासुओका १९९४ मध्ये तोशिबा सोडून तोहोकू विद्यापीठात शिकवायला गेले. शोधाच्या मोबदल्यासाठी त्यांना आपल्याच जुन्या कंपनीवर खटला भरावा लागला. मागितले होते १०० कोटी येन. २००६ मध्ये तडजोड झाली ८ कोटी ७० लाखांवर. ज्या चिपेशिवाय आजचा एकही स्मार्टफोन उभा राहत नाही, तिच्या जनकाचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

गठ्ठ्याने पुसण्याचा परिणाम नेक्सस ७ वाल्यांनी स्वतः अनुभवला आहे. गूगलचा २०१२ चा हा टॅब काही महिन्यांतच रडतखडत चालू लागायचा. आपण फाइल ‘डिलीट’ करतो तेव्हा ती जागा खरोखर पुसली जात नाही, आणि तेव्हा ती मोकळी झाल्याचं चिपला कळतही नसे. मग नवं लिहायची वेळ आली की आधी गठ्ठ्यातल्या बाकी माहितीची उचलठेव, मग पुसणं, मग लिहिणं. मोकळ्या जागा चिपला आधीच कळवायची सोय अँड्रॉइड ४.३ मध्ये, २०१३ साली आली आणि टॅब पुन्हा हलका झाला.

आता दुरुस्तीकडे. टॅब आधी भरपूर चार्ज करा. गठ्ठा पुसून झाला आणि लिहायच्या आत वीज गेली, तर मधल्यामध्ये काहीच उरत नाही. बंद टॅबवर आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबून धरलं की बूटलोडर उघडतो. गूगलच्या डेव्हलपर साइटवरून नेमक्या त्याच मॉडेलची फॅक्टरी इमेज, म्हणजे मूळ फर्मवेअरची फाइल, घ्या, चांगल्या केबलने टॅब थेट संगणकाला जोडा आणि फास्टबूट या साधनाने ती आत लिहा. त्याआधी बूटलोडरचं कुलूप उघडावं लागतं आणि तेव्हा टॅबमधलं सगळं पुसलं जातं. फोटो गेले ते गेले. मेमरी चिपच झिजली असेल, तर लिहिणं अर्ध्यात अडकतं. दुकानदाराचं म्हणणं तेव्हाच खरं.

बूटलोडरच उडाला तर? तरीही प्रोसेसरमध्ये कारखान्यातच कोरलेला, कधीच न पुसला जाणारा छोटा प्रोग्रॅम उरतो. आयपॅडचा काळा पडदा तसाच ठेवून संगणकाशी बोलणारी डीएफयू अवस्था त्याच्याच जोरावर चालते. नेक्सस ७ चा प्रोसेसरही अशा वेळी संगणकाला ओळख देतो, पण त्या टॅबच्या खास सांकेतिक किल्ल्या हाताशी नसल्या तर आज्ञा ऐकत नाही. आयपॅडवरही अ‍ॅपलच्या सर्व्हरने मंजूर केलेली आवृत्तीच बसते. सुरक्षेसाठी हे बंधन नव्या यंत्रावर समजू शकतो. ज्या यंत्राची अपडेट कंपनीने स्वतःच थांबवली आहेत, त्याला ते लावून ठेवणं मला चुकीचं वाटतं. अपडेट थांबवताना कंपन्यांनी त्या यंत्राच्या फाइल्स आणि किल्ल्या खुल्या केल्या पाहिजेत, आणि ग्राहक म्हणून आपण हे मागितलं पाहिजे.