जिवंत संग्रहालय बघायला जाताना तीन प्रश्न सोबत घ्या

वस्तू काचेच्या कपाटात ठेवल्या की ते नेहमीचे संग्रहालय. पण घरच उभे आहे, चूल-जाते जागेवर आहे आणि अंगणात माणसे आपला नाच सादर करतात, त्याला जिवंत संग्रहालय म्हणतात. स्वीडनमध्ये स्टॉकहोम येथे १८९१ साली सुरू झालेले ‘स्कान्सेन’ हे त्याचे जुने उदाहरण. आपल्या देशात भोपाळचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय सुमारे २०० एकरांवर पसरले आहे. तिथली आदिवासी घरे त्या त्या समाजाच्या लोकांनी स्वतः येऊन, आपल्या पद्धतीने बांधली आहेत.

केळशीच्या तरुणांना एवढ्या लांब जायला जमले नाही, तरी आपल्याच जिल्ह्यात गणपतीपुळ्याला ‘प्राचीन कोकण’ आहे. तिथे जुने गावजीवन माणसाच्या उंचीच्या पुतळ्यांतून दाखवले आहे.

जरूर जा, पण तीन प्रश्न विचारा.

पहिला : हे घर कोणी उभारले? ज्यांचे घर त्यांनी, की दुसऱ्याच कोणी?

दुसरा : गावकुसाबाहेरचे घर कुठे आहे? बारा बलुतेदारांचे गाव चित्रात गोड दिसते. पण बलुत्यात महाराच्या वाट्याला राबणूक होती. म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. हा इतिहास गाळला, तर उरते ती फक्त सजावट.

तिसरा : नाच कोणासाठी? कोकणातली जाखडी वाडीतली माणसे पायात घुंगरू बांधून, गोल फेर धरून स्वतःच्या आनंदासाठी नाचतात. तोच नाच पाहुण्यांच्या वेळापत्रकावर आला, तर मोबदला आणि मान कलावंताला मिळतो का?

परंपरा जपायची म्हणजे गुलामी जपायची नव्हे. कला ठेवायची, लाचारी टाकायची.

परत आल्यावर आपल्या बौद्धवाडीतही बघा. जांभ्याच्या भिंतींची, कौलारू, पडवीची घरे पडून स्लॅबची होत आहेत. चांगले घर हवेच. पण जुने पाडण्याआधी त्याचे माप घ्या, फोटो काढा. घर कोणी बांधले, पाणी कुठून आणावे लागे, हे आजीला विचारून तिच्याच आवाजात रेकॉर्ड करा. आपले घर आपण नोंदवले नाही, तर उद्याच्या संग्रहालयात ते नसेलच.

जयभीम!