प्ले थेरपिस्ट कोणाला म्हणायचं?

‘मुलांची आवड आहे, त्यांच्यात रमता येतं, मग झालं की!’ प्ले थेरपीबद्दलचा, म्हणजे खेळातून मुलांवर केल्या जाणाऱ्या मानसोपचाराबद्दलचा, हा सर्वांत लाडका गैरसमज. मुलांत रमणं हा स्वभाव झाला. थेरपीचं काम वेगळं आहे. समजा, आठ वर्षांच्या मुलाने चिडून मातीचा गोळा थेरपिस्टवर उगारला. ‘असं करायचं नसतं हं बाळा’ हे आपणही म्हणू. अमेरिकी तज्ज्ञ गॅरी लँड्रेथ यांनी अशा वेळी तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: आधी भावना बोलून दाखवायची, मग मर्यादा सांगायची, मग पर्याय द्यायचा. ‘तुला माझा खूप राग आलाय. पण गोळा माझ्यावर मारायचा नाही. मारायचा तर त्या उशीवर मार.’ तीन छोटी वाक्यं, आवाज न चढवता, गोळा हातातून सुटायच्या आत! नुसतं वाचून हे जमत नाही. जाणत्या माणसाने आपलं काम पाहून चुका दाखवाव्या लागतात. त्यालाच सुपरव्हिजन म्हणतात.

‘दोन दिवसांचं वर्कशॉप केलं, सर्टिफिकेट मिळालं.’ ते हजेरीचं असतं. अमेरिकेत १९८२ साली स्थापन झालेल्या असोसिएशन फॉर प्ले थेरपीकडे नोंदणी हवी असेल, तर आधी मानसिक आरोग्यातली मास्टर्स पदवी आणि राज्याचा परवाना लागतो. त्यावर प्ले थेरपीचं १५० तासांचं शिक्षण आणि सुपरव्हिजनखाली प्रत्यक्ष काम. ब्रिटनमध्ये मात्र गंमत आहे. ‘आर्ट थेरपिस्ट’ हे नाव तिथे कायद्याने राखीव आहे, ‘प्ले थेरपिस्ट’ नाही. त्यामुळे समोरचा माणूस एखाद्या व्यावसायिक संस्थेच्या नोंदवहीत आहे का, हे पालकांनीच तपासायचं.

‘मुलाने बाहुली वाळूत पुरली, म्हणजे घरात नक्की काहीतरी भयंकर घडलंय.’ इतक्या झटपट निदान करणाऱ्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं. एका खेळावरून काहीच सिद्ध होत नाही. प्ले थेरपीच्या अग्रणी व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७च्या आपल्या पुस्तकातच सांगितलंय की वाट मूल दाखवतं, थेरपिस्ट मागून चालतो. चांगला थेरपिस्ट तर मुलाने नाव देईपर्यंत बाहुलीला बाहुलीसुद्धा म्हणत नाही.

‘खोलीत घडलं ते खोलीतच राहतं’ हेही अर्धंच खरं. गोपनीयता असते, पण लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर आपल्याकडे २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ही मर्यादा पहिल्याच भेटीत पालकांना आणि मुलाला, त्याला समजेल अशा शब्दांत, सांगता येणं हादेखील पात्रतेचाच भाग.