नकार, राग आणि मधला 'च'

हिंगणघाटला ३ फेब्रुवारी २०२० रोजी एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं गेलं. सात दिवसांनी ती गेली. आपण म्हणतो, 'रागाच्या भरात झालं.' पण पेट्रोल रागाच्या भरात हाती लागत नाही. ते आधी आणावं लागतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस सांगतात, की घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला विचार उभा असतो. 'तिनं हो म्हणावं' ही इच्छा. ती पुरी झाली नाही तर दुःख होणारच. 'तिनं हो म्हटलंच पाहिजे' ही मागणी. मग नकार अपमान वाटतो आणि सूड न्याय्य वाटू लागतो. जुळलेल्या प्रेमातही तेच: 'फोन उचललाच पाहिजे', नाहीतर थप्पड.

ही मागणी कुणी जन्मतः आणत नाही. आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना'मध्ये विचारलं होतं, की दोष बाईलाच का? आजही मारहाण झाली की आपण आधी विचारतो, 'तिनं काय केलं?' घरातले मुलगे ते ऐकत असतात.

राग येणं आपल्या हाती नसेल. तो 'च' खोडणं मात्र आहे.